कोशिकापटल व पचन तंत्रातील कर्क-मूलकोशिकांची चिन्हके

प्रत्येक कोशिकेभोवती (पेशीभोवती) वसा (स्निग्ध पदार्थ) व प्रथिने यांचे जे अतिशय पातळ आवरण असते त्याला कोशिकापटल म्हणतात. पटलाच्या बाह्य पृष्ठावरील ज्या रेणूवरून कोशिकेचा प्रकार किंवा तिची अवस्था ओळखता येते त्याला चिन्हक (ओळखीची खूण) अशी संज्ञा आहे. अर्बुदातील (गाठीतील) जी कोशिका स्वतःसारख्या नव्या कोशिका निर्माण करते व त्याचबरोबर त्या अर्बुदातील इतर सर्व प्रकारच्या कोशिकांनाही जन्म देते तिला कर्क-मूलकोशिका असे नाव देण्यात आले आहे. सामान्य व्यवहारात मूलकोशिकेला ‘स्टेम सेल’ म्हणतात. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकल्यावर आणि औषधांनी रोगाचा मागमूस दिसेनासा झाल्यावरही कित्येक रुग्णांत काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग पुन्हा उद्भवतो. या पुनरुद्‌भवास मूठभर मूलकोशिका कारणीभूत असतील, तर त्या ओळखता आल्या पाहिजेत. आणि जिवंत कोशिका ओळखण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे तिचे पृष्ठ होय. या विचारातून गेल्या काही दशकांत ग्रसिका, जठर, बृहदांत्र (मोठे आतडे), यकृत व अग्निपिंड यांच्या कर्करोगांत अनेक चिन्हके सुचविली गेली. त्यांपैकी काही उपयुक्त ठरली, तर काहींविषयी तीव्र मतभेद झाले. चिन्हकाचा अर्थ ते पटलावर कोठे आहे व कोशिका कोणत्या अवस्थेत आहे यांवर अवलंबून असतो, ही गोष्ट या इतिहासातून हळूहळू स्पष्ट होत गेली.

पटलाच्या संरचनेचा शोध : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई. ओव्हर्टन यांनी झुरिक येथे वनस्पतींच्या कोशिकांत निरनिराळी द्रव्ये किती वेगाने शिरतात याचे प्रयोग केले. वसेत सहज विरघळणारी द्रव्ये कोशिकेतही सहज शिरतात असे त्यांना आढळले व त्यावरून कोशिकेची सीमा वसेसारख्या पदार्थाची असावी असे अनुमान त्यांनी काढले. १९२५ मध्ये लायडन येथील ई. गोर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तकोशिकांतील वसा वेगळी करून ती पाण्याच्या पृष्ठावर पसरली. तिने व्यापलेले क्षेत्रफळ रक्तकोशिकांच्या एकूण पृष्ठाच्या सुमारे दुप्पट भरले. वसेचे रेणू दोन थरांत रचलेले असले पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष आजही ग्राह्य आहे. त्यांच्या प्रयोगात वसेचे निष्कर्षण अपुरे झाले होते व कोशिकेचे पृष्ठही प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले गेले होते. परंतु या दोन उणिवांनी एकमेकींची भरपाई केली, असे पुढे दिसून आले.

जे. एफ्. डॅनिएली व एच्. डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये या द्विस्तराच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचा लेप असलेले प्रतिमान मांडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाल्यावर जे. डी. रॉबर्टसन यांना बहुतेक सर्व पटले दोन गडद रेषा व त्यांमधील एक फिकट पट्टा अशी त्रिस्तरी दिसली. १९५९ मध्ये त्यांनी ‘एकक पटला’ची कल्पना मांडली. या चित्रात पटल सर्वत्र सारखे व बरेचसे स्थिर होते.

या स्थिरतेच्या कल्पनेला १९७० मध्ये धक्का बसला. एल्. डी. फ्राय व एम्. एडिडिन यांनी माणसाची व उंदराची कोशिका यांचा संयोग घडवून आणला आणि दोहोंच्या पृष्ठप्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या अनुस्फुरक (विशिष्ट प्रकाशात चमकणाऱ्या) प्रतिपिंडांनी खूण केली. आरंभी दोन रंग संयुक्त कोशिकेच्या दोन अर्धांवर वेगळे दिसत होते, ३७° से. तापमानास सुमारे ४० मिनिटांत ते संपूर्ण पृष्ठावर मिसळून गेले. तापमान पुरेसे उतरविल्यास हे मिसळणे थांबत असे. प्रथिने पटलात तरंगत इकडून तिकडे जाऊ शकतात हे यावरून सिद्ध झाले. एस्. जे. सिंगर व जी. एल्. निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘द्रव-कुट्टिम’ प्रतिमानात हा पुरावा सामावला गेला. वसेचा द्विस्तर हा द्रव असून त्यात प्रथिने नक्षीकामातील तुकड्यांप्रमाणे कमीअधिक खोल रुतलेली असतात, असे हे प्रतिमान सांगते.

उपकला कोशिकांची ध्रुवता : पचनमार्गाचे अस्तर उपकला (एकमेकींना घट्ट चिकटलेल्या कोशिकांचा सलग थर) या ऊतकाचे (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहाचे) असते. या थरातील कोशिकेला दोन भिन्न बाजू असतात. आतड्याच्या पोकळीकडील पृष्ठाला अग्रस्थ पृष्ठ म्हणतात व त्यावर सूक्ष्मरसांकुरांची (बोटांसारख्या अतिसूक्ष्म प्रवर्धांची) दाट रांग असते. शेजारच्या कोशिकांना व खालील ऊतकाला लागून असलेल्या पृष्ठास तल-पार्श्विक पृष्ठ म्हणतात. एम्. जी. फारक्वार व जी. ई. पॅलाडे यांनी १९६३ मध्ये या दोहोंच्या सीमेवरील संधींचे सविस्तर वर्णन केले. त्यांपैकी घट्ट संधी ही शेजारच्या कोशिकांमधील फट बुजविते आणि पटलातील रेणूंच्या हालचालींना कुंपणही घालते. म्हणून द्रव पटलातही अग्रस्थ प्रथिने वर व तल-पार्श्विक प्रथिने खाली राहतात. कोशिकेच्या या दोन टोकांतील भेदाला ध्रुवता म्हणतात.

हायडल्‌बर्ग येथील युरोपियन रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत के. सायमन्स व जी. फान मेर यांनी दोन्ही बाजूंची वसाही निराळी असते याकडे लक्ष वेधले. अग्रस्थ पटलात शर्करायुक्त स्फिंगोलिपिडे विपुल असतात. कोशिकेच्या आतच विशिष्ट वसा व विशिष्ट प्रथिने एकत्र गोळा होऊन योग्य बाजूकडे पाठविली जात असावीत, असा विचार त्यांनी १९८८ मध्ये मांडला. डी. ए. ब्राउन व जे. के. रोझ यांनी १९९२ मध्ये दाखविले की, वसेच्या नांगराने पटलाला जोडलेले एक प्रथिन अग्रस्थ पृष्ठाकडे जात असताना थंड प्रक्षालकात न विरघळणाऱ्या, कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडे यांनी समृद्ध अशा भागात आढळते. १९९७ मध्ये सायमन्स व ई. इकोनेन यांनी अशा भागांना वसा-तराफे हे नाव देऊन ते कोशिकेतील संदेशवहनाची केंद्रे असल्याचे प्रतिपादन केले.

या कल्पनेवर टीकाही झाली. प्रक्षालकाच्या क्रियेनेच हे तुकडे तयार होत नसतील कशावरून, हा आक्षेप रास्त होता. २००६ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी सर्वसंमत व्याख्या केली. तिच्यानुसार वसा-तराफे हे सुमारे १० ते २०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = एक दशलक्षांश मिमी.) आकारमानाचे, एकसारखे नसलेले व सतत बनणारे-मोडणारे भाग आहेत.

उपकला कोशिकेचे कर्ककोशिकेत रूपांतर होताना ध्रुवता बिघडते किंवा नष्ट होते. घट्ट संधी सैल पडतात, अग्रस्थ रेणू सर्व बाजूंना पसरतात आणि एरवी संधींत दडलेले रेणू उघडे पडतात. चिन्हकांच्या इतिहासात ही घटना पुनःपुन्हा महत्त्वाची ठरली आहे.

मूलकोशिकेची कल्पना : कर्करोग हा शरीरात सुप्त राहिलेल्या भ्रूणावस्थेतील कोशिकांपासून उद्‌भवतो, असे मत जे. कोनहाइम यांनी १८७७ मध्ये मांडले होते. त्याला प्रायोगिक आधार नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यास सी. पी. लब्लाँ व सी. ई. स्टीव्हन्स यांनी उंदराच्या जातीच्या प्राण्यांत आतड्याचे अस्तर अखंड नवे होत असते हे दाखविले (१९४८). माणसात हे अस्तर साधारणपणे तीन ते पाच दिवसांत बदलते. इतक्या वेगाने झिजणाऱ्या ऊतकात न झिजणारा, दीर्घकाळ टिकणारा असा कोशिकांचा काही साठा असलाच पाहिजे हे उघड होते. १९७४ मध्ये एच्. चेंग व लब्लाँ यांनी आतड्यातील गर्तिकेच्या (नळीसारख्या खोल खळग्याच्या) तळाशी असलेल्या सडपातळ स्तंभाकार कोशिकांना तो मान दिला व अस्तरातील सर्व प्रकारच्या कोशिका त्यांच्यापासून बनतात असे सुचविले.

दरम्यान टोराँटो येथील जे. ई. टिल व ई. ए. मॅक्‌कलॉक यांनी १९६१ मध्ये अस्थिमज्जेतील रक्तोत्पादक मूलकोशिकांचे अस्तित्व उंदरांच्या प्लीहेतील वसाहतींवरून दाखवून दिले. १९६४ मध्ये एल्. जे. क्लाइनस्मिथ व जी. बी. पिअर्स यांनी उंदराच्या एका विशिष्ट अर्बुदातील एकेक कोशिका दुसऱ्या उंदरात रुजविली. काही वेळा त्या एका कोशिकेपासून अनेक प्रकारची ऊतके असलेले संपूर्ण अर्बुद तयार झाले. कर्कातही मूलकोशिका व तिची प्रभेदित (विशिष्ट कार्यासाठी रूपांतरित झालेली) संतती अशी उतरंड असू शकते, याचा हा पहिला भक्कम पुरावा होय. टोराँटो येथील जे. ई. डिक व त्यांचे सहकारी यांनी १९९४ व १९९७ मध्ये तीव्र मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात (रक्ताच्या कर्करोगात) हेच तत्त्व पृष्ठचिन्हकांच्या साहाय्याने सिद्ध केले. २००३ मध्ये स्तनाच्या व २००४ मध्ये मेंदूच्या अर्बुदांतही अशा कोशिका वेगळ्या करण्यात आल्या. पचन तंत्राची पाळी त्यानंतर आली.

प्रतिपिंडे व पहिली चिन्हके : पचनमार्गाच्या कर्करोगातील पहिले महत्त्वाचे पृष्ठचिन्हक मूलकोशिकांचा विचार सुरू होण्यापूर्वीच सापडले होते. माँट्रिऑल येथे पी. गोल्ड व एस्. ओ. फ्रीडमन यांना १९६५ मध्ये बृहदांत्राच्या कर्कात व गर्भाच्या पचनेंद्रियांत आढळणारा एक प्रतिजन मिळाला. त्याला त्यांनी कर्क-भ्रूण प्रतिजन (सीईए) असे नाव दिले. तो रक्तातही मोजता येतो हे समजल्यावर एका रक्ततपासणीने कर्करोगाचे निदान होईल अशी मोठी आशा निर्माण झाली. ती फोल ठरली. धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत व आतड्याच्या दाहातही त्याचे प्रमाण वाढते आणि रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत ते पुष्कळदा वाढलेले नसते.

याचे स्पष्टीकरण पटलाच्या संघटनेत मिळाले. हा प्रतिजन प्रौढ निरोगी बृहदांत्रातही तयार होतो. तो वसेच्या नांगराने अग्रस्थ पटलाला जोडलेला असतो, त्यामुळे सुटलेले रेणू आतड्याच्या पोकळीत पडून मलावाटे निघून जातात. कर्ककोशिकेची ध्रुवता नष्ट झाली की, तो सर्व पृष्ठावर पसरतो व त्याचे रेणू रक्तात व लसीकेत पोहोचतात. रक्तातील वाढीमागे केवळ अधिक निर्मिती नसून जागेतील बदलही असतो. निदानासाठी अपुरी ठरलेली ही तपासणी शस्त्रक्रियेनंतर रोग उलटला आहे काय हे पाहण्यासाठी मात्र आजही उपयोगात आहे.

१९७५ मध्ये जी. कोलर व सी. मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे एकाच प्रकारची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात मिळविण्याची पद्धत शोधून काढली. या एककृत्तकी प्रतिपिंडांमुळे पृष्ठावरील एकेक रेणू निवडून ओळखता येऊ लागला. अनुस्फुरणाच्या साहाय्याने कोशिका एकामागून एक तपासून वेगळ्या करणारी यंत्रेही याच सुमारास प्रचारात आली. निरनिराळ्या प्रयोगशाळांत तयार झालेल्या प्रतिपिंडांचा गोंधळ टाळण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत ‘प्रभेदन-समूह’ या अर्थाच्या ‘सीडी’ या आद्याक्षरांपुढे क्रमांक देण्याची पद्धत ठरली. सीडी-४४, सीडी-१३३ यांसारखी नावे तेव्हापासून रूढ झाली.

फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत १९७९ मध्ये बृहदांत्राच्या कर्ककोशिकांविरुद्ध प्रतिपिंडे बनविण्यात आली. त्यांपैकी ‘१७-१ए’ या प्रतिपिंडाचे लक्ष्य पुढे ‘एपकॅम’ या नावाने प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या १८९ रुग्णांवरील १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या प्रतिपिंडाने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले व १९९५ मध्ये जर्मनीत त्यास मान्यता मिळाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र रासायनिक चिकित्सेला त्याची जोड देऊन अधिक लाभ झाला नाही. एपकॅम निरोगी उपकला कोशिकांवरही असते; तेथे ते मुख्यत्वे तल-पार्श्विक पृष्ठावर, कोशिकांच्या परस्परसंलग्न बाजूंना असते.

प्रॉमिनिन किंवा सीडी-१३३ : या रेणूचा शोध १९९७ मध्ये दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या हेतूंनी लागला. हायडल्‌बर्ग येथे डब्ल्यू. बी. हूटनर व त्यांचे सहकारी उंदराच्या गर्भाच्या मेंदूतील उपकला कोशिकांच्या ध्रुवतेचा अभ्यास करीत होते. त्यांना पटलातून पाच वेळा आरपार जाणारे एक नवे प्रथिन मिळाले. ते अग्रस्थ पटलाच्या सपाट भागावर नसून केवळ सूक्ष्मरसांकुरांसारख्या प्रवर्धांवरच होते. म्हणून ‘पुढे येणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला प्रॉमिनिन हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेत मानवी रक्तोत्पादक मूलकोशिका वेगळ्या करण्यासाठी तयार केलेल्या ‘एसी-१३३’ या प्रतिपिंडाचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोन्ही गट एकाच कुलातील प्रथिनाकडे पाहत आहेत हे लवकरच लक्षात आले. एका गटाच्या दृष्टीने हा रेणू पटलातील जागेची खूण होता, तर दुसऱ्याच्या दृष्टीने मूलकोशिकेची.

२००० मध्ये के. रोपर, डी. कॉर्बाइल व हूटनर यांनी प्रॉमिनिन पटलातील कोलेस्टेरॉलशी प्रत्यक्ष संलग्न असते असे दाखविले. एका प्रक्षालकात ते विरघळत होते व दुसऱ्या, सौम्य प्रक्षालकात विरघळत नव्हते. पटलातील कोलेस्टेरॉल कमी केल्यास त्याचे प्रवर्धांवर टिकून राहणे बिघडत असे. एकाच अग्रस्थ पृष्ठावर एकाहून अधिक प्रकारचे वसा-तराफे शेजारी शेजारी नांदत असतात, असा निष्कर्ष यावरून निघाला. त्याच वर्षी भारतातील एका कुटुंबातील जालपटलाच्या (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पडद्याच्या) ऱ्हासाचे कारण प्रॉमिनिनच्या जनुकातील उत्परिवर्तन हे आहे असे आढळले. या रेणूचे मूळ कार्य पटलाच्या प्रवर्धांची घडण राखणे हे असावे, या मताला त्यामुळे बळकटी आली. मानवी बृहदांत्र-कर्कापासून वाढविलेल्या ‘कॅको-२’ या कोशिकावंशावरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : कोशिका प्रभेदित होत गेल्या की, ‘एसी-१३३’ प्रतिपिंडाला ओळखता येणारा भाग घटतो, परंतु त्या प्रथिनाचा जनुकीय संदेश त्या प्रमाणात घटत नाही. पुढील वादाचे बीज यातच होते.

२००७ मधील शोध : या वर्षी पचन तंत्राच्या कर्करोगांविषयी एकापाठोपाठ एक महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. टोराँटो येथे सी. ए. ओब्रायन, डिक व सहकारी यांनी रुग्णांच्या बृहदांत्र-कर्कातील कोशिका प्रतिरक्षाक्षमता नसलेल्या उंदरांच्या वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) आवरणाखाली रुजविल्या. न निवडलेल्या सुमारे ५७,००० कोशिकांमागे एकच कोशिका अर्बुद निर्माण करू शकत होती. सीडी-१३३ असलेल्या कोशिका निवडल्यावर हे प्रमाण २६२ मागे एक असे झाले. इटलीत एल्. रिची-व्हिटियानी व सहकारी यांना सीडी-१३३ असलेल्या कोशिका अर्बुदात सरासरी सुमारे २·५ टक्के आढळल्या व अर्बुदजननाची क्षमता त्यांच्यातच दिसली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे पी. डॅलर्बा व सहकारी यांनी बृहदांत्र-कर्कासाठी एपकॅम व सीडी-४४ ही जोडी अधिक विश्वसनीय असल्याचे सांगितले.

अग्निपिंडाच्या कर्कात मिशिगन येथील गटाने सीडी-४४, सीडी-२४ व एपकॅम ही तिन्ही चिन्हके असलेल्या कोशिका वेगळ्या केल्या. त्या एकूण कर्ककोशिकांच्या एक टक्क्याहूनही कमी होत्या. जर्मनीतील गटाने त्याच इंद्रियात सीडी-१३३ चा पुरस्कार केला. यकृताच्या कर्कात हाँगकाँग येथील संशोधकांनी २००७ मध्ये सीडी-१३३ व २००८ मध्ये सीडी-९० यांची नोंद केली. २००९ मध्ये त्यात एपकॅमची भर पडली. जठराच्या कर्कात २००९ मध्ये सीडी-४४ पुढे आले. सीडी-४४ हा कोशिकाबाह्य आधारद्रव्यातील हायालुरोनिक अम्लाचा ग्राही (विशिष्ट द्रव्य बांधून घेणारा रेणू) आहे. त्याचे एक रूपांतर अंगी आल्यास उंदरवर्गीय प्राण्यांच्या अग्निपिंडातील कर्ककोशिकांना प्रक्षेपाची (दूरच्या इंद्रियांत पसरण्याची) क्षमता येते, हे कार्ल्सरूए येथील संशोधकांनी १९९१ मध्येच दाखविले होते.

मतभेद : हे चित्र फार काळ निर्विवाद राहिले नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्क येथील एस्. व्ही. श्मेलकॉव्ह व सहकारी यांनी उंदराच्या प्रॉमिनिन जनुकाला रंग देणारे जनुक जोडून पाहिले. निरोगी बृहदांत्रात गर्तिकेच्या तळापासून पृष्ठापर्यंत, प्रभेदित कोशिकांसह सर्वत्र रंग दिसला. माणसातील बृहदांत्र-कर्काच्या यकृतातील प्रक्षेपांपासून घेतलेल्या सीडी-१३३ असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कोशिकांनी उंदरांत अर्बुदे निर्माण केली. एकाच रेणूविषयी दोन मान्यवर गटांचे निष्कर्ष इतके भिन्न कसे, असा प्रश्न निर्माण झाला.

त्याचे काही अंशी उत्तर ॲम्स्टरडॅम येथील के. केंपर व सहकारी यांनी २०१० मध्ये दिले. कोशिका प्रभेदित होताना सीडी-१३३ हे प्रथिन पृष्ठावरून नाहीसे होत नाही. त्यावरील शर्करायुक्त भागांच्या रचनेत फरक पडतो आणि प्रतिपिंडाला चिकटण्याची जागा झाकली जाते. म्हणजे प्रतिपिंड जे ओळखत होते ते प्रथिनाचे अस्तित्व नव्हते, तर त्याचे विशिष्ट अवस्थेतील रूप होते. जनुक मोजणाऱ्या संशोधकाला रेणू सर्वत्र दिसतो व विशिष्ट प्रतिपिंड वापरणाऱ्याला तो थोड्याच कोशिकांवर दिसतो, या विसंगतीचा त्यामुळे उलगडा झाला. ऊतकातील कोशिका सुट्या करण्यासाठी वापरली जाणारी एंझाइमे पृष्ठावरील रेणू तोडू शकतात, तसेच कोशिका सुटी होताच तिची ध्रुवताही मोडते. चिन्हकाची जागा पाहावयाची असेल, तर ती अखंड ऊतकाच्या छेदातच पाहावी लागते.

याच काळात दुसऱ्या मार्गाने प्रगती झाली. नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथे एन्. बार्कर, एच्. क्लेव्हर्स व सहकारी यांनी २००७ मध्ये ‘एलजीआर-५’ या पटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या ग्राहीवरून गर्तिकेच्या तळाच्या कोशिका ओळखल्या. त्यांनी या कोशिकांना कायमची जनुकीय खूण केली व त्यांच्या संततीचा जिवंत प्राण्यातच मागोवा घेतला. सर्व अस्तर त्यांच्यापासून बनते, हे चेंग व लब्लाँ यांचे मत त्यामुळे खरे ठरले. २००९ मध्ये याच कोशिकांतील ‘एपीसी’ हे कर्करोधक जनुक काढून टाकले असता तीन ते पाच आठवड्यांत अर्बुदे वाढली. अल्पायुषी कोशिकांतून ते काढले असता मात्र बारीक गाठी होऊन वाढ खुंटत असे. २०१२ मध्ये अर्बुदांतही अशा कोशिकांची संतती जागच्या जागी पाहता आली.

एलजीआर-५ चे कार्य उमगल्यावर चिन्हक व पटल यांचा संबंध अधिकच स्पष्ट झाला. २०११ मध्ये ते आर-स्पॉन्डिन या प्रथिनाचे ग्राही असल्याचे दिसले. २०१२ मध्ये असे आढळले की, आरएनएफ-४३ व झेडएनआरएफ-३ ही एंझाइमे वाढीचा ‘डब्ल्यूएनटी’ संदेश ग्रहण करणारे ग्राही पटलावरून सतत काढून टाकीत असतात. आर-स्पॉन्डिनमुळे ही एंझाइमेच पटलावरून हटविली जातात, ग्राही टिकून राहतात व संदेशाचा जोर वाढतो. मूलकोशिका असणे हे काही अंशी पटलावर कोणते रेणू किती काळ राहू दिले जातात यावर अवलंबून आहे, असा याचा अर्थ होतो. आरएनएफ-४३ च्या जनुकातील उत्परिवर्तने पचन तंत्राच्या अनेक कर्करोगांत आढळतात.

चिकित्सेतील महत्त्व : मूलकोशिका नष्ट केल्या की अर्बुद आपोआप आटेल, ही या संशोधनामागील मूळ आशा होती. २०१७ मध्ये तिची दोन ठिकाणी कसोटी लागली. अमेरिकेत एफ्. डी सूझा ई मेलो व सहकारी यांनी उंदरांच्या बृहदांत्र-कर्कातील एलजीआर-५ असलेल्या कोशिका निवडून मारल्या. मूळ अर्बुद आटले नाही. इतर कोशिकांनी ते टिकवून धरले आणि मारणे थांबविताच एलजीआर-५ असलेल्या कोशिका पुन्हा प्रकट झाल्या. यकृतातील प्रक्षेपांची निर्मिती व टिकाव मात्र या कोशिकांवर अवलंबून असल्याचे आढळले. जपानमध्ये एम्. शिमोकावा, टी. सातो व सहकारी यांनी मानवी कर्काच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या सूक्ष्म ऊतकांवर असाच प्रयोग केला. अर्बुदे प्रथम आटली व नंतर प्रभेदित दिसणाऱ्या कोशिकांपासून पुन्हा वाढली. २०२० मध्ये ए. फुमागाली व सहकारी यांना असे दिसले की, दूर जाऊन रुजणाऱ्या कोशिका बहुधा एलजीआर-५ नसलेल्या असतात व नव्या जागी त्यांच्यापासून एलजीआर-५ असलेल्या कोशिका निर्माण होतात. मूलकोशिकत्व ही काही कोशिकांची जन्मजात मिरास नसून परिस्थितीनुसार धारण करता व सोडता येणारी अवस्था आहे, असे यावरून मानले जाते. एकच चिन्हक लक्ष्य करून रोग समूळ नष्ट करण्याच्या कल्पनेस त्यामुळे मर्यादा पडली. शिवाय ही चिन्हके निरोगी ऊतकांवरही असल्याने त्यांवरील औषधे अपायकारक ठरू शकतात. सीडी-४४ च्या एका रूपांतरावरील प्रतिपिंडाला विषारी द्रव्य जोडून डोके व मान यांच्या कर्करोगांत दिले असता त्वचेची प्राणघातक हानी झाल्याने ती चाचणी थांबवावी लागली होती.

पटलाच्या संघटनेचा विचार मात्र वेगळ्या दिशेने फलदायी ठरला. क्योटो येथे एम्. फुरुसे व एस्. त्सुकिता यांनी १९९८ मध्ये घट्ट संधींतील क्लॉडिन प्रथिनांचा शोध लावला. त्यांपैकी क्लॉडिन-१८·२ हे निरोगी शरीरात जठराच्या अस्तरात असते व संधींत दडलेले असल्याने रक्तातून येणाऱ्या प्रतिपिंडास सहजी सापडत नाही. जठराच्या कर्कात ध्रुवता बिघडली की ते उघडे पडते. हे मूलकोशिकेचे चिन्हक नव्हे. केवळ जागेतील बदलामुळे ते लक्ष्य बनले. त्याविरुद्धच्या झोलबेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची रासायनिक चिकित्सेला जोड दिल्याने वाढलेल्या जठर-कर्काच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे १५·५ महिन्यांवरून १८·२ महिन्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. २०२४ मध्ये जपान व अमेरिका येथे त्यास मान्यता मिळाली. मळमळ व उलट्या हे त्याचे प्रमुख उपद्रव आहेत, कारण निरोगी जठरातही हेच प्रथिन असते.

जवळजवळ तीन महिन्यांचा हा लाभ रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा असला, तरी रोगमुक्तीपासून तो दूर आहे. पचन तंत्राच्या कर्करोगांत रोग पुन्हा उद्‌भवण्याचे कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही. त्याच्या उकलीसाठी एखाद्या कोशिकेवर कोणते चिन्हक आहे, एवढ्या प्रश्नावर आता समाधान मानले जात नाही. ते पटलाच्या कोणत्या बाजूस आहे, कोणत्या वसेच्या सान्निध्यात आहे, त्यावरील शर्करायुक्त भाग कसा आहे आणि ती कोशिका उद्या कोणती अवस्था धारण करू शकेल, हे प्रश्न एकत्रितपणे विचारले जातात. ओव्हर्टन यांनी वनस्पतीच्या कोशिकांवर सुरू केलेला पटलाचा अभ्यास अशा रीतीने रुग्णाच्या भवितव्याशी येऊन जोडला गेला आहे.